साक्षीदाराच्या रकान्यात

पावसाळ्याआधी आमच्या ख्रिस्ती देवळाच्या आतल्या भिंतींना रंग द्यायचं ठरलं आणि त्याच कामात पुलपिटाच्या, म्हणजे उपदेशाच्या चौथऱ्याच्या, डाव्या अंगाचा लाकडी बोर्ड खाली उतरवला. सागवानी, जड बोर्ड. आमच्या मंडळीवर, म्हणजे या देवळातल्या ख्रिस्ती समुदायावर, आजवर नेमून आलेल्या पाळकांची, म्हणजे पाद्र्यांची, नावं त्यावर ओळीने लिहिलेली आहेत आणि प्रत्येक नावापुढे ते कधीपासून कधीपर्यंत होते ती सालं. वरची नावं परदेशी. मध्ये एका ओळीपासून मराठी आडनावं सुरू होतात आणि मग तीच खालपर्यंत येतात. अक्षरांचा सोनेरी रंग उडाला होता म्हणून पेंटर बोलावला. शेजारच्या आळीतला तरुण मुलगा, दुकानांच्या पाट्या आणि ट्रकची अक्षरं रंगवणारा. आमच्या देवळात तो पहिल्यांदाच आला होता. बोर्ड दोन बाकांवर आडवा ठेवून त्याने ओल्या फडक्याने पुसला आणि मग एकेका सालावर बोट ठेवत वाचत खाली आला. तळाशी पोचल्यावर म्हणाला, "ताई, इथं कुणी टिकत नाही का हो? दोन वर्षं, तीन वर्षं, हे एक चार. मग एवढं जुनं देऊळ सांभाळलं कुणी?"

"मंडळीनं," मी म्हटलं.

त्याने मान डोलावली आणि ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवला. उत्तर खरंच होतं. पण सबंध दुपार त्या टर्पेंटाइनच्या वासात मी ते मनात उलटंसुलटं करत राहिले, कारण त्या उत्तरात एकही चेहरा नव्हता. बोर्डावर नावं आहेत ती येऊन गेलेल्यांची. जी माणसं कुठे गेलीच नाहीत, त्यांचं नाव घ्यायला कुणी विचारलं तर मी कुठल्या भिंतीकडे बोट दाखवणार?

पाळकांनी फार काळ एका जागी राहायचं नाही, ही आम्हा मेथडिस्टांची जुनी शिस्त. हा पंथ सुरू करणारा इंग्लंडचा जॉन वेस्ली स्वतः आयुष्यभर घोड्यावर बसून गावोगाव फिरला. १७५६ साली एका पाद्र्याला लिहिलेल्या पत्रात त्याने कबूलच केलं होतं की, मी जर सबंध वर्षभर एकाच ठिकाणी उपदेश करत राहिलो तर मलाही झोप लागेल आणि ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांनाही. पुढे १७८४ साली त्याने जो कायदेशीर दस्तऐवज केला, त्यात एका देवळावर एकाच प्रचारकाला सलग तीन वर्षांपेक्षा जास्त नेमू नये असं कलमच घातलं. आता वर्षांचा हिशेब इतका काटेकोर राहिलेला नाही, पण रीत तीच. कॉन्फरन्स, म्हणजे सगळ्या मंडळ्यांची वार्षिक सभा, भरते, शेवटच्या बैठकीत बिशप नेमणुका वाचून दाखवतात, आणि सगळ्या पाळकांची घरं श्वास रोखून ऐकत असतात. नाव आणि गाव. पुढच्या काही आठवड्यांत सामान बांधायचं.

लहानपणी या शिस्तीचा मला मनापासून राग यायचा. आमच्या घराला लागूनच पाळकांचा बंगला होता, मध्ये फक्त मेंदीचं कुंपण. त्यामुळे पाळकांच्या घरात माझ्या वयाची मुलगी आली की ती माझी जिवलग मैत्रीण व्हायची आणि मी जरा निश्चिंत झाले की बंगल्यासमोर ट्रक उभा राहायचा. एकीचं जाणं अजून स्पष्ट आठवतं. ट्रकमध्ये लोखंडी पलंग, शिलाई मशीन, पुस्तकांच्या पेट्या आणि सगळ्यात वर करंडीत झाकलेल्या कोंबड्या. ती पुढच्या केबिनमध्ये आईच्या मांडीवर बसली होती. माझ्याकडे बघत नव्हती, कुंपणाकडे बघत होती. आई मला आत घेऊन गेली आणि म्हणाली, "तिला सवय आहे." मला तेव्हाही कळलं होतं की तिला सवय नव्हती. पण मोठेपणी मंडळीचं काम करायला लागले तेव्हा याच शिस्तीची दुसरी बाजू दिसली. एखाद्या पाळकांचं आणि लोकांचं जमलं नाही, बोलण्याने माणसं दुखावली, की कुणीतरी जुनं माणूस हळूच म्हणायचं, कॉन्फरन्सपर्यंत धीर धरा. देऊळ एका माणसाच्या स्वभावावर उभं राहू नये, अशीच ती योजना आहे. त्या योजनेची किंमत पाळकांच्या मुलांनी भरली, हेही तितकंच खरं आहे, आणि त्या दोन गोष्टींचा मेळ मला अजून घालता आलेला नाही.

पाळक फिरता ठेवायचा तर घर कुणी सांभाळायचं, या प्रश्नाचं उत्तर मेथडिस्टांना ठरवून नाही, अडचणीतून सापडलं. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला वेस्लीने १७३९ साली सभेसाठी एक इमारत बांधायला घेतली आणि तिच्यावर कर्ज झालं. फेब्रुवारी १७४२ मध्ये ते कर्ज कसं फेडायचं यासाठी लोक जमले. प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी, अशी सूचना आली. पुष्कळांना तेही झेपणार नाही, असं कुणीतरी म्हणालं. तेव्हा कॅप्टन फॉय नावाचा गृहस्थ उठून म्हणाला की, सगळ्यांत गरीब अशी अकरा माणसं माझ्याकडे द्या. मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन, जे देतील ते घेईन, जे देऊ शकणार नाहीत त्यांचं मी भरीन. मग तशा टोळ्या झाल्या. आणि पेनी गोळा करायला दारोदार जाणाऱ्यांना दिसायला लागलं की, या घरात कुणी आजारी आहे, त्या घरात नवरा पितो, तिसऱ्या घरात दोन भावांचं बोलणं बंद आहे. वसुलीला गेलेली माणसं विचारपूस करून परत यायला लागली. त्यातून 'क्लास' उभा राहिला, बारा-बारा माणसांचा, एकेका पुढाऱ्याच्या हाती. हा पुढारी पाद्री नव्हता. चांभार असेल, विणकर असेल, बाईही असेल. पाळक येवोत जावोत, बारा माणसांना नावानिशी ओळखणारं कुणीतरी गल्लीत कायमचं राहायचं.

ही हकिकत मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला आमच्या आजीचा डबा आठवला. चुलीशेजारी एक पत्र्याचा डबा असायचा. भाकऱ्यांसाठी पीठ घेण्याआधी आजी एक मूठ ज्वारी त्यात टाकायची. रोज. घरात ज्वारी कमी असली तरी मूठ जायचीच, फक्त जरा लहान व्हायची. रविवारी तो डबा देवळात. प्रत्येक घरातून असा डबा यायचा आणि पुढच्या टेबलाशी ठेवलेल्या गोणीत रिकामा व्हायचा. ज्वारी पडताना जो आवाज येतो, तो माझ्यासाठी उपासनेचाच भाग होता. त्या गोणीतून मंडळीतल्या विधवांकडे धान्य जायचं, उरलेलं विकून दिवाबत्तीचा खर्च निघायचा. आजीला ब्रिस्टल माहीत नव्हतं. बोस्टनही माहीत नव्हतं, जिथे १८६९ साली मेथडिस्ट बायकांनी एकत्र येऊन स्वतःची मिशन संस्था काढली आणि आठवड्याला दोन सेंट व एक प्रार्थना एवढंच मागणं घरोघरच्या बायकांपुढे ठेवलं. त्या दोन-दोन सेंटांतून पुढच्याच वर्षी, १८७० च्या जानेवारीत, इझाबेला थोबर्न आणि डॉक्टर क्लारा स्वेन हिंदुस्थानात उतरल्या. एकीने लखनौला मुलींची शाळा काढली, दुसरीने बरेलीला बायकांसाठी औषधोपचार सुरू केले. पेनी, सेंट आणि मूठभर ज्वारी. मोठ्या देणगीदारांच्या संगमरवरी पाट्या मी अनेक देवळांत पाहिल्या आहेत. ज्वारीच्या मुठीची पाटी कुठे पाहिली नाही.

मुंबईत तर मेथडिस्टांचं सुरुवातीला देऊळच नव्हतं. विल्यम टेलर नावाचा अमेरिकन प्रचारक १८७० साली हिंदुस्थानात आला आणि पुढच्या वर्षाच्या अखेरीला मुंबईत पोचला. त्याच्या सभांतून जी माणसं जमली त्यांचे छोटे गट घराघरांत भरायला लागले आणि १८७२ मध्ये त्यांचीच मंडळी झाली. परदेशातून पगार मागवायचा नाही, इथल्या माणसांनी इथला खर्च उचलायचा, हा टेलरचा आग्रह. तसाच तो पुण्यातही आला. पुण्याच्या सभांतून विल्यम ओल्डहॅम नावाचा, बंगळूरला जन्मलेला, सरकारी सर्वेक्षण खात्यात काम करणारा तरुण या वाटेला लागला आणि १८८५ मध्ये थेट सिंगापूरला जाऊन त्याने तिथलं मेथडिस्ट काम सुरू केलं. टेलर स्वतः कुठे थांबला नाही. इथून दक्षिण अमेरिका, मग आफ्रिका. त्याच्या चरित्राचा नकाशा काढला तर कागद पुरणार नाही.

पण त्याच मुंबईत त्याला एक दुसरा माणूस भेटला. जॉर्ज बोवेन. हा १८४८ साली मुंबईत आला होता. मिशनचा पगार त्याने नाकारला, गावातल्या गरीब वस्तीत खोली घेतली, अगदी थोडक्यात भागवलं, 'बॉम्बे गार्डियन' नावाचं साप्ताहिक चालवलं, रस्त्यावर उभं राहून लोकांशी बोलत राहिला. टेलर आला तेव्हा बोवेन त्याच्या कामाला जोडला गेला. टेलर पुढे निघून गेला, बोवेन तिथेच राहिला आणि १८८८ साली मुंबईतच वारला. चाळीस वर्षं एका शहरात. अपोलो बंदराजवळ, ताजच्या मागच्या बाजूला त्याच्या नावाचं देऊळ आहे. एकदा गेटवेच्या गर्दीतून वाट काढत मी तिथे गेले होते. बाहेर पर्यटक, फोटोवाले, खारट दमट वारा. आत शिरल्यावर लाकडाचा थंड वास आणि वर संथ फिरणारे पंखे. मी मागच्या बाकावर बसले आणि मनात आलं की, ज्या लोकांनी फिरण्यालाच शिस्त मानलं, त्यांनी नाव मात्र न हललेल्या माणसाचं दिलं. मला ते फार आवडलं. भायखळ्याला टेलरच्या नावाचंही देऊळ आहे, दोघांचाही मान राखलेला आहे. तरी माझा ओढा बोवेनकडे. जाणाऱ्याच्या मागे धूळ उडते, ती दिसते. राहणाऱ्याचं काही दिसत नाही.

आमच्या मंडळीतल्या राहणाऱ्यांना शोधायचं तर बोर्ड नाही, रजिस्टरं उघडावी लागतात.

वेस्ट्रीतल्या, म्हणजे देवळाला लागून असलेल्या पाळकांच्या खोलीतल्या, कपाटात ती आहेत. कापडी बांधणीची, कोपरे वाळवीने खाल्लेली. उघडली की कापूर, झुरळं आणि जुन्या शाईचा एकत्र वास येतो. बाप्तिस्म्याचं वेगळं, लग्नांचं वेगळं, मृत्यूचं वेगळं. पेंटर काम संपवून गेला त्या आठवड्यात मी संध्याकाळी जाऊन बसायला लागले. बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात बापाचा व्यवसाय लिहायचा रकाना असतो. रेल्वेत फायरमन. खानसामा. शिक्षक. पोर्टर. पोस्टात हरकारा. माळी. पुढच्या पानांवर कंपाउंडर, मिलिटरी, मग कारकून. आणि आईचा व्यवसाय लिहायला रकानाच नाही, तरी एका पाळकांनी समासात बारीक अक्षरात लिहून ठेवलंय: आया, नर्स, बायबल बाई. मला त्या पाळकांचे आभार मानावेसे वाटले. बायबल बाई म्हणजे हातात शास्त्राचं पुस्तक आणि काखेला पिशवी घेऊन वाड्यावस्तीवर जाणारी बाई. ती गोष्टी सांगायची, गाणी शिकवायची, बाळंतिणीला काय खायला द्यायचं ते सांगायची, मुलीला शाळेत घाला म्हणून बापाशी भांडायची. जिथे पुरुष प्रचारकाला उंबरठ्याच्या आत घेत नसत तिथे ही थेट चुलीपर्यंत जायची. पगार अगदी थोडा. बोर्डावर नाव येण्याचा प्रश्नच नव्हता.

लग्नाचं रजिस्टर चाळताना मी थांबले. दर काही पानांनी पाळकांचं अक्षर बदलतं. एकाचं तिरकं, एकाचं ठसठशीत, एकाची सही अर्ध्या पानावर पसरलेली. पण साक्षीदाराच्या रकान्यात एकच अंगठा पुन्हा पुन्हा येत होता. निळ्या शाईचा, जरा डावीकडे झुकलेला, शेजारी कंसात एका बाईचं नाव, त्या त्या वेळच्या पाळकांच्या अक्षरात लिहिलेलं. पाळक बदलले, नावाचं स्पेलिंग बदललं, अंगठा तोच. ज्यांच्या लग्नाला स्वतःचं माणूस नव्हतं, पळून आलेले, बोर्डिंगात वाढलेले, घरच्यांनी टाकलेले, अशांच्या लग्नात साक्षीला तीच उभी असावी. मी मंडळीतल्या सगळ्यांत वयस्कर आजींना विचारलं. त्यांनी लगेच ओळखलं. त्यांच्या लहानपणी ती बाई खूप म्हातारी होती, देवळात झाडलोट करायची आणि घंटा वाजवायची. १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळात आईबाप गेल्यावर ती मिशनच्या बोर्डिंगात आली होती, असं आजींनी त्यांच्या आईकडून ऐकलेलं. लिहिता येत नव्हतं, पण गाण्याच्या पुस्तकातली पानंच्या पानं पाठ. "आम्ही पुस्तक उघडून चुकायचो," आजी म्हणाल्या, "ती झाडू मारता मारता दुरुस्त करायची."

मग मी पुन्हा रजिस्टराकडे गेले. बऱ्याच पुढच्या एका पानावर अंगठा नाही. तिथे पेन्सिलीने आखलेल्या रेषेवर थरथरत्या, मोठ्या, सुट्या अक्षरांत तिने स्वतःचं नाव लिहिलंय. कुणी शिकवलं असेल? त्या साली इथे असलेल्या पाळकांच्या घरातून कुणी? की संडे स्कूलच्या एखाद्या पोराने? त्यानंतरची तिची प्रत्येक साक्ष सहीची आहे, आणि प्रत्येक वेळी अक्षर थोडं अधिक सरळ होत जातं.

मृत्यूच्या रजिस्टरात मी फार वेळ राहू शकत नाही. १९१८ च्या शेवटच्या महिन्यांची पानं अशी आहेत की, एकाच तारखेखाली नाव, पुन्हा नाव, पुन्हा नाव. इन्फ्लुएंझा. कारणाच्या रकान्यात आधी ते लिहिलंय, नंतर नुसत्या दोन तिरक्या रेघा. खड्डे कुणी खणले, पेट्या कुणी ठोकल्या, लाकूड मिळालं की नाही, काहीच लिहिलेलं नाही. पण कुणीतरी खणले. कबरस्थानाच्या पश्चिमेकडच्या कोपऱ्यात दगड नसलेल्या उंचवट्यांची रांग आहे. लहानपणी तिथून चालायला आम्हाला मनाई होती, आणि मनाईचं कारण कुणी सांगितलं नव्हतं.

देवळाचं जिवंतपण मात्र मला नेहमी गाण्यात जाणवलं आहे. वेस्लीने १७६१ साली गाण्यासंबंधी काही सूचना छापल्या होत्या. सगळ्यांनी गा, जोरात गा, तालात राहा, पण इतरांपेक्षा वर आवाज काढून ओरडू नका. आमच्याकडे पहिल्या दोन सूचना काटेकोर पाळल्या जातात. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका, मध्ये वाट. पुरुषांची बाजू नेहमी अर्धी मात्रा मागे. इंग्रजी चालीवरची गाणी पेटीवर लांबवत लांबवत म्हणायची, त्यात एक गंभीर जडपणा असतो. आणि मग एखाद्या रविवारी कुणीतरी ढोलकी काढतं, टाळ येतात, रेव्हरंड टिळकांचा अभंग सुरू होतो आणि सबंध देऊळ एकदम आपल्या घरी आल्यासारखं सैल होतं. नारायण वामन टिळक आमच्या मंडळीचे नव्हते. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, ते अमेरिकन मराठी मिशनचे, नगरकडचे. पण मराठी ख्रिस्ती माणूस कुठल्याही देवळात बसलेला असो, त्याच्या ओठावर त्यांचेच शब्द येतात. मिशनऱ्यांनी आखलेल्या हद्दी गाण्यांना कधीच कळल्या नाहीत.

हद्दींवरून आठवलं. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला अनेक पंथांच्या मंडळ्या एक होऊन उत्तर भारताची मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाली. आमचीही मंडळी तीत जाणार होती, वर्षानुवर्षं बोलणी चालली होती, आणि अगदी शेवटी, त्याच वर्षी, आमच्याकडून नकार गेला. मग १९८१ मध्ये मेथडिस्ट चर्च इन इंडिया म्हणून स्वतंत्र कारभार सुरू झाला. वडील त्या नकाराबद्दल बोलताना शांत व्हायचे. आत्याचं सासर दुसऱ्या मंडळीतलं. एका गावात, एका रस्त्यावर, दोन देवळं, दोन घंटा, मधे पाच मिनिटांची चाल. वडिलांना वाटायचं की एक व्हायला हवं होतं. आईला वाटायचं, बरं झालं नाही झालो, आपल्या बायकांच्या सोसायटीचं काय झालं असतं. मला दोघांचंही पटतं. नाताळात आत्याकडच्या करंज्या आमच्याकडे येतात आणि आमचा चिवडा तिकडे जातो. पण त्यांच्या पाळकांना आमच्या पुलपिटावर बोलवायचं तर आजही दोन कमिट्यांत विषय काढावा लागतो.

आणि जात. ही गोष्ट आमच्या लिखाणात लोक टाळतात, मला टाळायची नाही. या देवळात बसलेल्या बहुतेकांचे पणजोबा गावकुसाबाहेरून आले. ज्यांना देवळाची पायरी नव्हती त्यांनी ही जमीन स्वतःच्या हाताने सारवली आणि तिच्यावर बसून एका ताटलीतली भाकर आणि एका पेल्यातला द्राक्षरस घेतला. त्या पहिल्या प्रभुभोजनाला काय वाटलं असेल, याची कल्पना करताना माझा गळा दाटतो. पण लग्नं जमवताना हीच माणसं हळू आवाजात मूळ विचारतात. अजूनही. पुलपिटावरून यावर उपदेश झाले, चांगले झाले. बदल मात्र मी पाहिला तो कापणीच्या सणाच्या मांडवात.

कापणीच्या सणाला देवळापुढे लिलाव असतो. घराघरांतून आलेल्या वस्तू टेबलावर मांडलेल्या असतात. भोपळे, शेवग्याच्या शेंगा, गावठी अंडी, पाय बांधलेला कोंबडा, लोणच्याच्या बरण्या, पुरणपोळ्यांची चवड, कुणी विणलेला रुमाल. बोली लावून घेतलेली वस्तू लोक पुन्हा टेबलावर परत देतात, तिचा पुन्हा लिलाव होतो; एकच भोपळा संध्याकाळपर्यंत पाच-सहा घरचा होतो. एका वर्षी अशाच पुरणपोळ्या आल्या होत्या, एका घरच्या. त्या घराकडे लग्नसंबंधात काही लोक पाठ फिरवायचे, का ते सगळ्यांना माहीत होतं. बोली कुणी लावेना. तेव्हा बायकांच्या बाजूने आमच्या सोसायटीच्या अध्यक्षीणबाई उठल्या, सगळ्यांत मोठी रक्कम बोलल्या, टेबलापाशी आल्या, तिथेच एक पोळी तोडून खाल्ली आणि उरलेली चवड परत ठेवून म्हणाल्या, "आता पुढची बोली." एक शब्द जास्त नाही. पुढच्या बोलीला तीन हात वर झाले. दोन वर्षांनी त्यांच्याच घरात त्या घरची मुलगी सून म्हणून आली. हे कुठल्याच मिनिट्समध्ये नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

वेस्लीच्या आईची एक गोष्ट मला या बाईंमुळे नीट कळली. १७११-१२ च्या हिवाळ्यात नवरा लंडनला गेलेला असताना सुझाना वेस्ली रविवारी संध्याकाळी स्वयंपाकघरात मुलांना वाचून दाखवायची. गडी बसायला लागले, मग शेजारी, मग दोनशेच्या घरात माणसं. बदली पाद्र्याने तक्रार केली. नवऱ्याने पत्र लिहून थांबायला सुचवलं तर तिने कळवलं की, थांब असं नुसतं सुचवू नका, स्पष्ट आज्ञा करा, म्हणजे देवापुढे जबाबदारी तुमची. ही मंडळीच मुळात एका स्वयंपाकघरातून निघालेली आहे, असं मला कधी कधी वाटतं.

आता गर्दी कमी झाली आहे. तरुण मुलं पुण्याला, मुंबईला, आखातात. नर्स झालेल्या मुली त्याहून दूर. मधले बाक रिकामे राहतात. फक्त एकतीस डिसेंबरच्या रात्री देऊळ भरतं. ही जागरणाची उपासना मूळची इंग्लंडमधल्या किंग्जवुडच्या कोळसा खाणीतल्या मजुरांची. शनिवारची रात्र पूर्वी दारूच्या गुत्त्यात जायची, ती त्यांनी प्रार्थनेत घालवायला सुरुवात केली. आमच्याकडे बाहेर फटाके वाजत असतात, आत लोक गुडघ्यांवर असतात, बारा वाजता सगळे एकमेकांना सलाम करतात, आणि मग सकाळच्या गाडीने मुलं परत जातात. दुसऱ्या दिवशी घंटा वाजवायला पुन्हा तेच चार जण. त्यातल्या एकीचे गुडघे आता गेलेत, म्हणून दोर तिच्या नातवाच्या हातात दिलाय. नातू हिंदी शाळेत जातो, मराठी वाचताना अडखळतो, पण दोर कसा सोडायचा ते त्याला बरोबर समजलं आहे. ओढण्यापेक्षा सोडणं अवघड असतं.

कॉन्फरन्स झाली आहे. नवे पाळकसाहेब येत्या आठवड्यात येतील, बरोबर मॅडम आणि दोन शाळकरी मुलं. बंगल्यातलं स्वयंपाकघर पुसून घेतलं, नळाचा वॉशर बदलला, पहिल्या दिवसाचं जेवण कोणत्या तीन घरांतून जायचं ते ठरलं. मुलांच्या शाळेच्या फॉर्मसाठी मी आधीच बोलून आलेय. पहिल्या संध्याकाळी त्यांना कुठे कुठे न्यायचं याची यादी वहीत केली आहे. आधी त्या वयस्कर आजी. त्यांच्यासाठी प्रार्थना डाव्या कानाशी करायची, उजव्याने ऐकू येत नाही. मग डायलिसिस चालू असलेले काका, त्यांच्याकडे चहा घ्यायचा नाही, ते आग्रह करतील. मग ज्यांचा मुलगा मार्चमध्ये गेला ते घर. तिथे फार बोलायचं नाही, मुलाचं नाव मात्र घ्यायचं, त्यांना ते घेतलेलं हवं असतं. रेल्वे क्वार्टर्सकडे सहाच्या आत पोचलं पाहिजे, सहानंतर त्यांची ड्युटी लागते.